रुग्णशुश्रूषा : मोठे इस्पितळ व खेड्यातला दवाखाना

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत देवळाच्या बांधणीचा व येथे सेवा केलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त इतरत्र आलाच आहे. प्रस्तुत लेखकाकडे संपादक मंडळाने जो विषय सोपविला तो त्याहून निराळा होय. अंधेरी, मरोळ, चकाला, आंबोली, वर्सोवा ह्या बाजूच्या ख्रिस्ती घरांतून पुष्कळ मुली परिचारिकेच्या व्यवसायात गेल्या व आजही जात आहेत. दर वर्षी बारावीचा निकाल लागला म्हणजे शिफारसपत्रासाठी आमच्या दारी जी मंडळी येतात, त्यांत अशी एकदोन कुटुंबे असावयाचीच. शिक्षण पुरे झालेल्या मुलीही येतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : मोठ्या इस्पितळात चिकटावे, की भगिनी बोलावीत आहेत त्या खेड्यातल्या लहानशा दवाखान्यात जावे? आई एक सांगते, बाप दुसरे सांगतो आणि मुलगी धर्मगुरूंकडे पाहते. ह्या प्रश्नाला इतिहास आहे व तो आपल्या अंधेरीशी निगडित आहे, म्हणून थोडे मागून आरंभ करितो.

साष्टी बेटात पोर्तुगीज अमदानीत रुग्णांची व्यवस्था ही धर्मसंस्थेची जबाबदारी मानली जाई. वसईच्या किल्ल्यात ‘मिझेरिकॉर्दिया’ ह्या बंधुसंघाचे कार्य होते; गोव्यात तर त्या नावाचा मोठाच लौकिक होता. १७३७ साली साष्टी व १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आल्यावर ह्या संस्था मोडल्या व त्यांची जागा दीर्घकाळपर्यंत कशानेच भरून निघाली नाही. ह्याचा अर्थ काय होतो ते पाहावयाचे असेल तर कोंडिविट्याच्या जुन्या देवळाकडे पाहावे. येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली बांधलेले संत योहान बाप्तिस्ता ह्यांचे हे देऊळ आज सीप्झच्या आवारात भग्नावस्थेत उभे आहे. १८४० साली तेथे साथ उद्भवली आणि लोक देऊळ व गाव सोडून मरोळास आले. वैद्य नाही, शुश्रूषा करणारे कोणी नाही, औषध नाही. अशा स्थितीत गाव सोडणे हाच एक उपचार त्यांच्या हाती होता. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय ह्यांच्या देणगीतून उभारलेले मोठे इस्पितळ उघडले ते १८४५ मध्ये, म्हणजे कोंडिविटे ओस पडल्यावर पाच वर्षांनी. ते उघडले तरी मरोळच्या शेतकऱ्याला भायखळा त्या काळी परमुलखासारखाच दूर होता. घरोघरी बाळंतपणे गावची सुईण करी. तिच्या हाताला यश होते, तसे अपयशही होते, आणि अपयश आले म्हणजे धर्मगुरूंना बोलावणे जाई.

परिचारिकेचा व्यवसाय, म्हणजे शिकून, परीक्षा देऊन व वेतन घेऊन करावयाची शुश्रूषा, ही आपल्याकडे मोठ्या शहरी इस्पितळांतूनच आली. जे. जे. इस्पितळात काही काळ ‘ऑल सेंट्स’ ह्या अँग्लिकन पंथाच्या भगिनी शुश्रूषा करीत असत. १८८६ मध्ये पेस्तनजी कामा ह्यांच्या दानातून केवळ स्त्रिया व बालके ह्यांच्यासाठी कामा इस्पितळ सुरू झाले. तेथील मुख्य वैद्य डॉ. एडिथ पीची ह्या स्त्रीच होत्या आणि मुलींना शुश्रूषेचे पद्धतशीर शिक्षण देण्याचा उपक्रम त्या इस्पितळात घडून आला. योगायोग असा की त्याच १८८६ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी संत कमिल्लस व देवाचे संत योहान ह्यांना रुग्णांचे व इस्पितळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. पुढे १९३० मध्ये अकराव्या पायस पोपमहाशयांनी त्यांच्याकडे परिचारक-परिचारिकांचेही आश्रयदातेपद दिले. १८९१ मध्ये मुंबईत शिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत ह्यांचे नाव भारतातील पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून ह्या व्यवसायाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे ह्या तिन्ही गोष्टी त्या काळी कुलीन म्हणविणाऱ्या घरांना असह्य वाटत. काशीबाईंनी हे धैर्य कोणत्या आधारावर केले असेल ह्याचा विचार आजच्या मुलींनी एकवार अवश्य करावा.

नंतर आली १८९६ सालची ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ. आपल्या गावठाणांत जागोजागी जे प्लेगचे क्रूस दिसतात ते त्या वेळचे होत. मे महिन्यात त्यांच्यापुढे रोझरी म्हणणाऱ्या कित्येक मुलांना त्यांचे मूळ ठाऊक नसते. त्या साथीत वांद्र्याच्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ संघाच्या भगिनी प्लेगच्या इस्पितळांतून शुश्रूषेसाठी उभ्या राहिल्या. तिकडे पुण्याजवळ सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून आपले पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्या दवाखान्यात आणले व तीच बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला. त्या दवाखान्याला इमारतीचे वैभव नव्हते. माळावर उभारलेली ती तात्पुरती सोय होती. महाराष्ट्रातील शुश्रूषेच्या इतिहासात मोठ्या इस्पितळाच्या शेजारी हे दुसरे चित्र आरंभापासूनच आहे, हे येथे नोंदवून ठेवितो.

मोठ्या इस्पितळातच ही विद्या का रुजली, ह्याचे कारण साधे आहे. शुश्रूषा पुस्तकातून शिकता येत नाही; तिला खाटा लागतात. एका विद्यार्थिनीने तीन वर्षांत हाडे मोडलेले, भाजलेले, विषमज्वराचे, हृदयविकाराचे, बाळंतिणीचे असे नाना तऱ्हेचे रुग्ण हाताळले पाहिजेत, आणि इतके वैविध्य वीस खाटांच्या जागेत सापडत नाही. म्हणूनच आजही परिचर्या विद्यालयाला परवानगी देताना त्यामागे पुरेशा खाटांचे इस्पितळ आहे की नाही हे भारतीय परिचर्या परिषद पाहते. ह्या परिषदेचा कायदा १९४७ सालचा होय. महाराष्ट्राचा परिचारिकांविषयीचा कायदा १९६६ चा. तथापि ह्या नियमाला अपवाद घडले आणि ते महाराष्ट्रातच घडले. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी मिरजेसारख्या संस्थानी गावात १८९४ मध्ये इस्पितळ उघडले व १८९७ मध्ये, म्हणजे मुंबई प्लेगने पोळत असताना, तेथे परिचारिकांची शाळाही सुरू केली. त्या शाळेतून निघालेल्या मुली दक्षिण महाराष्ट्रातल्या लहान लहान दवाखान्यांच्या आधारस्तंभ बनल्या. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने श्रीमती रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली विधवा व गरजू स्त्रियांना ससून इस्पितळात शिकविण्याची सोय केली आणि ह्या धंद्यावरील कलंक हिंदू समाजातही हळूहळू पुसला गेला.

आता आपल्या कॅथलिक समाजापुरती एक गोष्ट विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण पुष्कळांना ती अविश्वसनीय वाटेल. आज धर्मभगिनींचे प्रसूतिगृह ही आपल्याला नित्याची गोष्ट वाटते. परंतु १९३६ पर्यंत व्रतस्थ भगिनींना वैद्यकी व प्रसूतिकर्म करण्याची ख्रिस्तसभेची सर्वसाधारण अनुज्ञा नव्हती. त्या रुग्णाच्या उशाशी बसत, जखमा धूत, औषध देत. परंतु बाळंतिणीची वेळ आली की त्यांना बाजूस व्हावे लागे. हा निर्बंध भारतात फार जाचक ठरला. येथील पडद्यातील स्त्रिया पुरुष वैद्याला शरीर दाखवीत नसत आणि ज्या स्त्रीला दाखविल्या असत्या तिला आज्ञा नव्हती. डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन ह्या स्कॉटिश विदुषीने वार्धक्यात रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी इस्पितळ उभारले आणि रोमला वारंवार विनंत्या केल्या. १९१३ साली त्या निवर्तल्या तेव्हा कायदा होता तसाच होता. त्यांच्याच प्रेरणेने वैद्यक शिकलेल्या ऑस्ट्रियन डॉ. ॲना डेंगेल ह्यांनी रावळपिंडीत काम केल्यावर १९२५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ स्थापिला. निर्बंध टाळण्यासाठी प्रारंभी त्या संघाच्या सभासदांनी जाहीर व्रते घेतलीच नाहीत. इकडे गुंटूर येथे १९२० पासून ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लाऊरी ह्या धर्मभगिनी पोपमहाशयांच्या खास परवानगीने वैद्यकी करीत होत्या. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्डस् मातेच्या सणाच्या दिवशी, रोमहून आज्ञापत्र निघाले व भगिनींना वैद्यक आणि प्रसूतिशास्त्र शिकण्यास व करण्यास मोकळीक मिळाली. एवढ्या विलंबात किती बाळंतिणी दगावल्या ह्याची गणती कोणी ठेविलेली नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासात असे विलंब घडतात. ते झाकून ठेवण्यात लाभ नाही.

त्या आज्ञापत्राचे फळ आपल्या भागात लवकरच दिसू लागले. १९४२ मध्ये वांद्र्यास ‘होली फॅमिली’ इस्पितळाचा आरंभ झाला. १९४३ मध्ये गुंटूरला मेरी ग्लाऊरी ह्यांनी कॅथलिक इस्पितळांचा संघ स्थापिला. आज त्या संघात तीन हजारांहून अधिक संस्था आहेत. त्यांत नामांकित मोठी इस्पितळे थोडी व आडवळणाचे लहान दवाखानेच फार.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने आपला अहवाल सादर केला. अवघ्या हिंदुस्थानात नोंदलेल्या परिचारिका सुमारे सात हजार; म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक! आणि ह्या सात हजारांतील बहुतेक शहरांत होत्या. ह्यातूनच पुढे प्राथमिक आरोग्यकेंद्रांची योजना झाली व खेड्यासाठी थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम केलेल्या साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका तयार करण्यात आल्या, ज्यांना गावकरी नुसते ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात. पाच हजार वस्तीला, डोंगराळ व आदिवासी भागांत तीन हजारांना, एक उपकेंद्र असा हिशेब ठरला. कागदावर योजना उत्तम. परंतु शहरात वाढलेली एकटी मुलगी अनोळखी गावात कोठे राहणार, रात्री दार ठोठावले तर उघडावे की नाही, ह्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही परिपत्रकात नव्हती.

ह्याच अनुभवाची साक्ष जामखेडने दिली आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात गेले. त्यांची पहिली कल्पना अशी की गावोगाव परिचारिका ठेवाव्यात. ती चालली नाही. शिकलेल्या मुली गावात एकाकी पडत आणि गावही त्यांना आपले मानीत ना. तेव्हा गावकऱ्यांच्याच सूचनेवरून त्यांनी प्रत्येक गावातली एक बाई निवडली, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित समाजातली, आणि तिला आरोग्यसेवेचे धडे दिले. परिचारिका तिच्या पाठीशी, फिरत्या पथकात, राहिली. हा प्रयोग जगभर वाखाणला गेला व १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ह्यातून आमच्या मते एक बोध निघतो, आणि तो खेड्याच्या सेवेवर प्रवचने देणाऱ्यांना (त्यांत धर्मगुरूही आले) सहसा आवडत नाही : एकट्या मुलीला रानात पाठविण्यात पुण्य नाही. तिच्यामागे माणसे व व्यवस्था असेल तरच तिच्या हातून सेवा घडते.

आता अंधेरीकडे येऊ. १९६७ साली महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर, म्हणजे ज्या कोंडिविट्याचे लोक १८४० मध्ये साथीच्या भयाने पळाले त्याच्याच शिवेवर, पवित्र आत्म्याच्या सेविका ह्या संघाच्या भगिनींनी ‘होली स्पिरिट’ इस्पितळ सुरू केले. हा संघ संत अर्नोल्ड यान्सन ह्यांनी १८८९ साली हॉलंडातील श्टायल येथे स्थापिला आणि भारतात त्याच्या भगिनी प्रथम १९३३ मध्ये इंदूरकडे आल्या. अंधेरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली होती ती १९५० मध्ये. तरी १९६७ सालीही ह्या रस्त्याला शहर म्हणणे धाडसाचे ठरले असते. इस्पितळ तेथेच राहिले, शहर मात्र त्याच्या भोवती वाढत गेले. कारखाने आले, १९७३ साली सीप्झ आले, चाळी, झोपड्या व मनोरे आले, आणि ते आता नाना शाखांचे मोठे इस्पितळ झाले असून त्याला परिचारिकांचे विद्यालयही जोडलेले आहे. लहान व मोठे ह्यांची सीमा किती चंचल असते ह्याचे ह्याहून जवळचे उदाहरण आपल्याला नको. (त्याच १९६७ साली जर्मनीतील बॉन शहरी रोझी गोलमन ह्यांनी ‘अंधेरी-हिल्फे’ नावाची साहाय्यसंस्था काढली. आपल्या सेंट कॅथरिन होममधील अनाथ बालकांसाठी सुरू झालेल्या मदतीवरून ते नाव पडले आणि परदेशी माणसांच्या तोंडी अंधेरी हा शब्द गेला.) पुढे पश्चिमेस २००९ मध्ये कोकिळाबेन अंबानी इस्पितळ झाले, मरोळला सेव्हन हिल्स झाले, जे २०२० च्या कोरोनाच्या साथीत महापालिकेने त्या रुग्णांसाठी वापरले. आता अंधेरीच्या मुलीला मोठे इस्पितळ शोधण्यासाठी परळ-भायखळ्यास जाण्याचीही गरज उरलेली नाही.

दोन्ही ठिकाणच्या कामाचे स्वरूप मात्र अगदी भिन्न आहे, आणि निवड करण्यापूर्वी मुलींनी ते नीट समजून घ्यावे. मोठ्या इस्पितळात काम वाटलेले असते. अतिदक्षता विभागातली परिचारिका एका किंवा दोन रुग्णांपाशी उभी असते. श्वासयंत्राचे आकडे, नाडी, रक्तदाब, थेंबाथेंबाने जाणारी औषधे हेच तिचे जग. तिच्या हाताला जी बारकाई येते ती अन्यत्र येणे कठीण. चूक होऊ लागली तर वरिष्ठ सिस्टर पाठीशी असते, वैद्य हाकेच्या अंतरावर असतो. स्टाफ नर्स, इन्चार्ज सिस्टर, सहायक मेट्रन, मेट्रन अशी शिडी असते. परंतु सामान्य वॉर्डाची कथा वेगळी. शिक्षण देणाऱ्या इस्पितळात तीन रुग्णांमागे एक व इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. सार्वजनिक इस्पितळात एकीच्या वाट्याला प्रत्यक्षात किती येतात हे ज्याने एक रात्र तेथे नातलगाच्या उशाशी काढली आहे त्याला सांगावयास नको. तेथे रुग्णाचे नाव राहत नाही, खाटेचा क्रमांक राहतो. ह्यात परिचारिकेच्या हृदयाचा दोष नसतो. चाळीस नावे कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत.

लहान दवाखान्यात हेच उलटे. तेथे एकच परिचारिका सकाळी केसपेपर काढते, दुपारी मलमपट्टी करते, औषधांचा साठा मोजते, शस्त्रक्रियेची अवजारे उकळते व रात्री बाळंतपण करते. पालघर-जव्हारच्या बाजूस पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्यांच्या दंशाचे रुग्ण येतात. घोणस चावली असता रक्त गोठेनासे होते, मण्यार चावली असता श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हा फरक तिला वैद्य येण्यापूर्वी ओळखावा लागतो. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हातपाय गार पडून व घाम सुटून फुफ्फुसांत पाणी भरते, ही गोष्ट मोठ्या शहरी इस्पितळातील कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेली नसते. महाडनजीक बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी असेच रुग्ण रात्र रात्र बसून निरखले, त्यावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त असल्याचे दाखवून दिले, आणि त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने छापले. तेव्हा लहान ठिकाणी ज्ञान खुंटते हे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हे. खुंटते ते पाहण्याची सवय मोडल्याने. परंतु तेथील भयही खरे आहे. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला, रक्तपेढी दोन तासांवर आहे आणि रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली आहे, अशा वेळी त्या मुलीच्या मनावर जे ओझे पडते ते तिच्याबरोबर वर्षानुवर्षे राहते. १९९२ साली जव्हारकडील वावर-वांगणी येथे कुपोषणाने व आजारांनी बालके दगावली, तेव्हा अवघा महाराष्ट्र हादरला. अंधेरीहून ती गावे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत, हेही लक्षात असावे.

मोठ्या इस्पितळात माणुसकी नसते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. परळच्या के. ई. एम. इस्पितळातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला आणि त्या कायमच्या अचेतन स्थितीत गेल्या. कर्नाटकातील हळदीपूर ह्या लहान गावातून मुंबईत परिचारिका व्हावयास आलेली ही मुलगी. १८ मे २०१५ रोजी निमोनियाने त्यांचे निधन झाले. मधली बेचाळीस वर्षे त्यांच्या सहकारिणींनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या पिढीतील मुलींनी, ज्यांनी अरुणाबाईंना कधी बोलताना पाहिले नव्हते, त्यांना भरविले, न्हाऊमाखू घातले व कूस पालटली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांचे अन्न थांबविण्याची याचना झाली, तेव्हा ह्या परिचारिका त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि न्यायालयाने त्यांचे ऐकले. त्या निकालाने तत्त्वतः काय मान्य केले ह्यावर धर्मशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळ बोलता येईल. तो विषय येथे नको. मोठे इस्पितळ म्हणजे सुरक्षित इस्पितळ नव्हे, हे अरुणाबाईंच्या आयुष्यातील एका सायंकाळी दिसले. आणि मोठ्या इस्पितळातही खाटेच्या क्रमांकामागचे नाव बेचाळीस वर्षे जपले जाते, हे पुढे दिसले.

वेतनाचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आईबापांचा खरा प्रश्न तोच असतो व त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खासगी इस्पितळांतील परिचारिकांच्या दुःस्थितीसंबंधी प्रशिक्षित परिचारिकांच्या संघाने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जावर जानेवारी २०१६ मध्ये आदेश झाला व केंद्र सरकारने समिती नेमली. तिची शिफारस अशी : दोनशेहून अधिक खाटांच्या इस्पितळाने राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे; शंभराहून अधिक खाटा असतील तर त्याहून दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावे; पन्नास ते शंभर खाटा असतील तर पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी नसावे; आणि पन्नासहून कमी खाटांच्या जागीही महिना वीस हजार रुपयांखाली जाऊ नये. म्हणजे लहानाने थोडे कमी द्यावे हे समितीने मान्य केले, परंतु कमीलाही तळ घातला. शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली आणि ती सर्वत्र झालेली नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. आमच्या नात्यातील एका मुलीची मूळ प्रमाणपत्रे एका इस्पितळाने अडकवून ठेविली होती आणि ती नोकरी सोडावयास निघाली तेव्हा भली रक्कम मागितली होती. हे शहरातले झाले. खेड्यात वेगळाच प्रकार घडतो : ‘ही सेवा आहे, नोकरी नव्हे’ असे गोड शब्दांत सांगून अर्ध्या पगारावर दुप्पट काम घेतले जाते. धर्मभगिनीने व्रत घेतलेले असते, तिच्या आजारपणाची व म्हातारपणाची चिंता तिचा संघ वाहतो. प्रपंच करणाऱ्या मुलीने असे कोणतेही व्रत घेतलेले नसते. तिच्या वेतनातून धाकट्या भावाची फी व आईचे औषध निघावयाचे असते. तिच्याकडून भगिनीच्या व्रताची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे, मग ती अपेक्षा करणारी संस्था आपल्या ख्रिस्तसभेचीच का असेना. श्रमिकाच्या न्याय्य वेतनाविषयी तेराव्या लिओ पोपमहाशयांनी १८९१ साली, काशीबाई शिकावयास आल्या त्याच वर्षी, आपल्या विश्वपत्रात जे शिकविले ते गिरणी कामगारांपुरतेच नव्हते.

मग मुलीला काय सांगावे? आम्ही सांगतो ते असे. परीक्षा उतरल्याबरोबर खेड्यात एकटीने जाऊ नये. दोन-तीन वर्षे मोठ्या इस्पितळात काढावीत; त्यांतही एकाच विभागात न रुतता प्रसूती, अपघात व अतिदक्षता हे तीन विभाग मागून घ्यावेत. हात बसला म्हणजे ज्याला ओढ असेल त्याने लहान ठिकाणी अवश्य जावे, कारण तेथे एका जाणत्या परिचारिकेने जो फरक पडतो तो मोठ्या इस्पितळात दहांनी पडत नाही. मात्र जाण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात : राहावयास कडीकुलपाची खोली आहे काय, रात्री दुसरी परिचारिका सोबत असते काय, वैद्य दूरध्वनीवर तरी निश्चित मिळतो काय, आणि रुग्ण पुढे पाठवावयास वाहन आहे काय. ह्यांतील दोनांना ‘देव पाहील’ असे उत्तर आले, तर आम्ही शिफारसपत्र देत नाही. देव पाहतो हे खरे. परंतु कुलूप व्यवस्थापनाने आणावयाचे असते. आणि दोन-तीन वर्षांनी परत येणाऱ्या मुलीला गावातील लोकांनी पळपुटी म्हणू नये. वसईस बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस इस्पितळासारखी मधल्या मापाची ठिकाणेही आहेत. घर, शेत व भाषा न सोडता तेथे काम करता येते, आणि संसार मांडल्यावर पुष्कळींना तेच मानवते.

आता एक विनंती. ह्या भागातील जुन्या परिचारिकांची नावे एकत्र लिहून ठेवण्याचा उद्योग आम्ही ज्युबिलीच्या निमित्ताने हाती घेतला आहे. ज्यांच्या घरी आजी, मावशी वा आत्या ह्यांची प्रमाणपत्रे, पदके, गणवेशातील छायाचित्रे किंवा सुईणपणाच्या नोंदवह्या असतील, त्यांनी त्या रविवारच्या मिस्सानंतर धर्मगुरुनिवासात दाखवावयास आणाव्यात. तेथल्या तेथे प्रत काढून मूळ कागद त्याच वेळी परत केले जातील.